अंगणासाठी सहा नमुने

४ फेब्रुवारी
फरशीवाल्याकडून सहा नमुने उचलून आणले — प्रत्येकी वीतभर. तो म्हणाला, "बाई, लोक रंग बघतात आणि निघतात. तुम्ही वास काय घेताय?" ओल्या दगडाला वास येतो, म्हणून घेतला!

ग्रॅनाइट, वाळूचा दगड, चुनखडीचा दगड, भाजलेली वीट, सिमेंटचा ठोकळा, खरखरीत टाइल. सगळे मागच्या दाराशी मांडलेत. आमच्याकडे ऊन टाळू भाजणारं, पाऊस आडवा आणि त्यानंतर तीन महिने शेवाळ. या तिघांना जी पुरून उरेल ती फरशी माझी.

५ फेब्रुवारी
हा सगळा खटाटोप कशासाठी ते एकदा लिहून ठेवते. जूनमध्ये बाबा — माझे सासरे — मागच्या अंगणात पडले. मनगट मोडलं. गुळगुळीत टाइल्सनी घात केला, असं घरात सगळे म्हणतात. मनगट केव्हाच बरं झालं, पण बाबांनी मागचं दार काही ओलांडलं नाही. ज्या माणसाने त्या अंगणात टोमॅटो, भोपळे, गुलाब लावले, तो आठ महिने आतल्या खोलीत खुर्चीवर. पेपरसुद्धा उघडत नाही.

त्यांनी पुन्हा बाहेर यावं. मला एवढंच हवंय.

७ फेब्रुवारी
नमुने कोरडे तोलले, रात्रभर बादलीत बुडवले, सकाळी पुन्हा तोलले. ग्रॅनाइट ढिम्म. वाळूचा दगड थोडं प्यायला. विटेने मात्र चांगलं अर्धी वाटी पाणी पोटात घेतलं! नवरा म्हणतो, "काटा पिठाचा की दगडांचा, एकदा ठरव."

चुनखडीवर लिंबू पिळलं तर बुडबुडे आले. पुन्हा पिळलं. मग काही गरज नसताना तिसऱ्यांदाही पिळलं.

९ फेब्रुवारी
दुपारी एक वाजता सहाही नमुन्यांवर अनवाणी उभी राहिले, हातात घड्याळ. ग्रॅनाइटवर चार आकडे मोजेपर्यंत जीव गेला. वाळूच्या दगडावर वीस. शेजारच्या मावशींनी कुंपणावरून विचारलं, "काय गं, कोणी शिक्षा केली का?"

१२ फेब्रुवारी
आज घसरण्याची परीक्षा. फळीवर नमुना, नमुन्यावर बाबांची जुनी चप्पल, चपलेवर विटेचा तुकडा. फळीच्या एका टोकाखाली एकेक पुस्तक सरकवत जायचं — चप्पल कधी सुटते ते बघायचं. आधी कोरड्यावर, मग पाणी, मग साबणाचं पाणी. वाळूचा दगड पहिला आला. साबणातही त्याने नऊ पुस्तकांपर्यंत चप्पल धरून ठेवली.

नवरा बघत होता. "पाण्याचं समजलं. साबण कशाला? अंगणात कोण साबण ओततं?"

ऐकू न आल्यासारखं केलं.

१३ फेब्रुवारी
मी ओतला होता. त्या सकाळी शेवाळ काढायला म्हणून साबणाचं पाणी टाकलं. दूध उतू जातंय वाटलं म्हणून आत पळाले, आणि मागे धप्पकन आवाज. त्या गडबडीत फेस कोणाच्याच लक्षात आला नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी टाइल्सना शिव्या घातल्या. मीही घातल्या.

२० फेब्रुवारी
वाळूचा दगडच ठरवला. गवंडी सगळ्या परीक्षा ऐकून म्हणाला, "ताई, तुमच्या सासऱ्यांनी सून आणताना एवढी पारख केली नसेल." पाणी पितो त्याचं काय, विचारलं. म्हणाला, "पिऊ द्या. खाली खडी ठासू, वर ढाळ देऊ. घराकडे नाही, झाडांकडे. पाणी साचलं नाही तर दगड कुरकुरत नाही."

दगडात दोन रंग मिळतात. दोन्ही तुकडे बाबांच्या हातात दिले. त्यांनी अंगठा फिरवला. "कुठलाही लाव. सारखेच आहेत."

सारखेच? एक पिवळसर, एक लालभडक! अजून रागावलेत अंगणावर. पिवळसर सांगून टाकला.

२ मार्च
काम झालं. ढाळ इतका बेताचा की पायाला कळत नाही, पाण्याला कळतो. शेजारच्या मावशी चालून गेल्या, नवरा मुद्दाम ओल्या पायांनी पळून आला. बाबा खुर्चीतूनच म्हणाले, "छान झालंय." दारापर्यंतही आले नाहीत.

३ मार्च
पुन्हा पाणी टाकून बघितलं. फरशीत काही खोट नाही.

५ मार्च
फरशी बदलली म्हणजे माझं पाप धुतलं जाईल, असं मनात कुठेतरी धरून बसले होते. तसं काही होत नाही. उद्या बाबांना सांगणार.

६ मार्च
सांगितलं. साबण, दूध, नंतरचं गप्प राहणं — सगळं. बाबा म्हणाले, "अगं, साबणाचा काय दोष? मला पायरीच दिसली नव्हती. त्याच्याही आधीपासून दिसेनासं झालंय. कडेचं दिसतं, मधलं पुसल्यासारखं. आता तू समोर बसलीयस, तर तुझे हात दिसतात, चेहरा नाही. तुम्ही सगळे टाइलला बोल लावत होतात. म्हटलं, लावू दे."

आधी मला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे अकराची वेळ मिळाली आहे. बाबा कपडे करून बसलेत, आम्ही निघतो.