माळ्यावरचं दुसरं प्रेस

बाबा, ती गोळी तुमच्या चुकीने अडकली नव्हती. मी अडकवली होती. तुम्ही मोजून भरलेल्या काडतुसाच्या एका पुंगळीतली पावडर मी ओतून टाकली आणि तिच्यात आईची अनारशांची खसखस भरली. झालं, सांगितलं. तेरा वर्षं हे घशात घेऊन फिरतोय, आणि गेल्या रविवारी कळलं की तुम्हाला हे त्याच दिवशी, त्याच मिनिटाला माहीत होतं. म्हणजे गाढव मी एकटाच. म्हणून हे लिहितोय. माफीबिफी नाहीये यात, आधीच सांगतो. मी भयंकर चिडलोय.

मी आत्ता माळ्यावरच बसलोय. हॉलंडमधल्या ब्रेडा गावातलं तेच घर, छपरातली तीच तिरकी खिडकी, एका बाजूला आईचं वॉशिंग मशीन आणि दुसऱ्या बाजूला तुमचं टेबल, त्याच्यावर बोल्टने आवळलेलं ते हिरवं ओतीव लोखंडी प्रेस. लोकांचे बाबा रविवारी क्रिकेट बघायचे, कुणाचे बाबा हूफडॉर्पला गणपतीच्या मीटिंगला जाऊन भांडायचे, आणि आमचे बाबा झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून आणून परत भरत बसायचे. एनसीसीत टू-टू रायफल धरली होती म्हणे, तेवढ्या भांडवलावर तुम्ही इथल्या नेमबाजीच्या क्लबात घुसलात, पोलिसांची परवानगी काढलीत, कपाटाला डबल कुलूप लावलंत. आणि ते प्रेस म्हणजे काय, हँडल एकदा ओढलं की एकच काम. एकदा ओढलं की पुंगळी मापात येते, मग परत सगळ्या पन्नास पुंगळ्यांना ठिणगी पाडणारी नवी टोपी, मग पावडर, मग परत पन्नासांवर गोळी दाबून बसवायची. सकाळ जायची त्यात. आणि तुमचे नियम! मशीन फिरत असेल तर वजनकाटा हलतो, म्हणून आईने दहाच्या आत कपडे उरकायचे. टेबलाशी कुणी बोलायचं नाही. प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघायचं. पावडर भरून पुंगळ्या उघड्या असतील तर टेबल सोडायचं नाही, घराला आग लागली तरी.

आग नाही लागली, अनारसे हसले. दिवाळीच्या आधीचा रविवार होता तो. आई खाली तळत होती आणि पहिलाच अनारसा तुपात पडून फुटला, पसरला, जाळी जाळी होऊन गेला. "अहो! हसले हो सगळे! या ना जरा!" अशी किंचाळली की शेजारची बाई बाहेर आली असेल. आणि तुम्ही उठलात. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उघड्या टाकून उठलात. मी तिथे वॉशिंग मशीनवर पाय हलवत बसलो होतो. माझ्या खिशात टिश्यूत बांधलेली खसखस होती. होती कारण मी आठवडाभर प्लॅन करत होतो. आईला इथे पांढरी खसखस मिळायची नाही, ती सुपरमार्केटातली काळी-निळी आणायची, आणि मला तुमची पावडर बघून दर वेळी वाटायचं, अरे, ही तर तीच. आतल्या रांगेतली एक पुंगळी उचलली, पावडर खिडकीबाहेरच्या कुंडीत, खसखस पुंगळीत, ठोकळा जागेवर. वीस सेकंद. तुम्ही परत आलात, हाताला तूप, आणि नियमाप्रमाणे पहिल्यापासून परत टॉर्च मारलात. सगळ्या पन्नास. मी श्वास धरून बसलो होतो. तुम्हाला कळलं नाही. कळणार कसं, टॉर्चमधे दोन्ही सारखंच दिसतं. तेव्हा मला काय आनंद झाला, बाबा. आख्ख्या गल्लीतल्या सायकलींच्या सीट उलट्या करून ठेवल्या होत्या ना मी, त्याच्यापेक्षा जास्त.

मला एवढंच वाटलं होतं की फुस्स होईल आणि सगळे हसतील. आईशपथ. गोळी नळीत अर्ध्यात अडकते आणि तिच्यामागून दुसरी आली तर नळी फुटते, हे मला कुणी सांगितलं होतं का? तुम्ही नियम सांगायचात, कारण कधी सांगायचा नाहीत. "कारण मी सांगतोय म्हणून," हे तुमचं कारण. शाळेतही तेच. व्हीएमबीओत, म्हणजे इथल्या हातकामाच्या शाळेत टाकलं मला, तुमच्या ऑफिसातल्या लोकांची पोरं सगळी वरच्या शाळेत, तर तुम्ही तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीत आणि चौथ्या दिवशी कान असा पिळलात की शाळेत बाईंनी विचारलं काय झालं. मार्कांसाठी कान पिळता येतो तुम्हाला. आणि ह्याच्यासाठी?

त्या दुपारी मी हट्ट करून तुमच्याबरोबर क्लबात आलो. काचेच्या मागे बसायचं, हॉट चॉकलेट घेऊन. तुम्ही आणि तुमचा तो डच दोस्त शेजारी शेजारी. त्याने तुम्हाला प्रेस शिकवलं म्हणून तुम्ही त्याला मास्तर म्हणायचात, आणि तो पण "मास्तर" ऐकून मिशीत खूश व्हायचा. मी मोजत होतो. धाड, धाड, धाड. आणि मग नुसतं 'फट्', कुणी टाळी वाजवल्यासारखं. मी काचेमागे फिदीफिदी हसायला लागलो. तुम्ही हलला नाहीत. मग लाल दिवा लागला, सगळ्यांनी पिस्तुलं खाली ठेवली, मास्तर पितळी सळई घेऊन आले, नळीत घालून ठोकली. गोळी बाहेर पडली. तुम्ही नळी नाकाशी नेलीत. मग वळून काचेकडे बघितलंत. माझ्या डोक्यावर घड्याळ होतं, मला वाटलं तुम्ही किती वाजले ते बघताय.

क्लबच्या लोकांना सांगितलंत, "माझी चूक. एकीत पावडर घालायची राहिली." घरी आईलाही तेच. आणि आई फुटलीच. "चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा, मी कधीपासून सांगतेय! डोळा गेला असता, हात गेला असता, मी काय करणार होते ह्या देशात? आता त्या प्रेसला हात लावलात तर माझी शपथ आहे तुम्हाला." तुम्ही म्हणालात, "बरं." बरं! टेबलावर जुनी चादर टाकलीत आणि संपलं. वर्षभर तुम्ही दुसरं प्रेस घ्यायच्या गप्पा मारत होतात, जेवताना कॅटलॉग शेजारी असायचा, आई म्हणायची एकाने पोट भरत नाही का, तो कॅटलॉगपण रद्दीत गेला. मी जिन्यात बसून ऐकत होतो. उठून वर यायला चार पायऱ्या होत्या. नाही आलो. आणि चार वर्षांनी तुम्ही हार्टने गेलात, त्या चार वर्षांत मी रोज म्हणायचो, उद्या सांगू.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत नसेल. मी शिकलो नाही फार, वेअरहाऊसमधे फोर्कलिफ्ट चालवतो. तिथे पण माझे उद्योग चालू असतात, मॅनेजरच्या खुर्चीखाली मी हॉर्न बसवला होता. पण क्लबात मी पुन्हा गेलो, रीतसर मेंबर झालो, परवानगी काढली, पोलीस घरी येऊन कपाट बघून गेले. तुमची चादर काढली. आई आठवडाभर बोलली नाही. मग म्हणाली, "कर काय करायचं ते. त्यांनी आयुष्यात माझं एवढं एकच ऐकलं. तू तेही ऐकू नको." ती हे खूप वेळा म्हणते बाबा. अभिमानाने म्हणते. पाहुण्यांना सांगते, मी शपथ घातली म्हणून वाचले ते तेव्हा.

आता मुद्द्याचं. मी आठवड्यातून दोनदा क्लबला जातो आणि तुमच्या हिरव्या प्रेसवर माझा सगळा रविवार जातो. म्हणून दुसरं प्रेस बघत होतो. एक फिरत्या डोक्याचं असतं, सगळे साचे एकदम लावून ठेवायचे. आणि एक असतं एकदम वेगवान, हँडल एकदा ओढलं की पाच कामं आणि एक तयार काडतूस खाली, टण्. मला अर्थात ते टण् वालं हवं होतं. टेबलाचं माप घ्यायला वाकलो तर डाव्या बाजूला, तुम्ही नंतर जोडलेली खालची फळी आहे ना, तिच्यात तीन भोकं. मी कित्येक वर्षं त्यात स्क्रूड्रायव्हर अडकवतोय. म्हटलं, ही कशासाठी पाडली असतील? एवढ्या खाली?

मास्तर आता थकलेत, हात थरथरतात, सामान विकतायत. त्यांच्याकडे वेगवान प्रेस आहे हे मला माहीत होतं. आईने नेहमीप्रमाणे फराळाचा डबा दिला, "रिकाम्या हाताने जाऊ नको रे कुणाकडे." मी सायकलवर डबा बांधून गेलो. मास्तरांनी त्यांच्या शेडमधे कॉफी ओतली, डबा उघडला. एक अनारसा उचलला, उलटा केला, नखाने खसखस खरवडली.

"हेच ते," म्हणाले.

"काय?"

"अरे, तुझ्या बाबाने त्या दिवशी नळी माझ्या नाकाला लावली. म्हणाला, वास घे. मी म्हटलं, बेकरी? तो म्हणाला, नाही, माझं स्वयंपाकघर."

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"मला आणि त्याला. माझ्याकडून वचन घेतलं त्याने. पोरगं पावडरपर्यंत पोचलं हे कळलं तर क्लब, पोलीस, शाळा, सगळे पोराला प्रश्न विचारत बसतील. म्हणाला, पुंगळ्या उघड्या टाकून उठलो मी, म्हणजे चूक माझीच." मग त्यांनी कप खाली ठेवला. "योंगन, पोरा, पाच गोळ्या घड्याळ लावून झाडायच्या होत्या. त्याचं बोट परत ट्रिगरवर होतं. आवाज वेगळा आला म्हणून थांबला. दुसरा कुणी थांबला नसता."

तुम्हाला सांगतो बाबा, मी तिथे रडलोबिडलो नाही. मी त्यांच्या शेडच्या दाराला लाथ मारली. तुम्हाला मारता आली नाही म्हणून. तुम्ही घरी येऊन मला एक थोबाडीत द्यायला हवी होतीत! माळ्यावर नेऊन ती नळी दाखवायची, हे बघ काय झालं असतं, असं म्हणायचं. मी दोन दिवस रडलो असतो आणि सुटलो असतो. तुम्ही काय केलंत? मला न विचारता माफ करून मोकळे झालात. आणि वर दर दिवाळीला "मला अनारसा नको" म्हणून ताट पुढे सरकवायचात. आम्हाला वाटायचं शुगर! चार दिवाळ्या माझ्यासमोर बसून तुम्ही तो अनारसा नाकारलात, माझ्याकडे बघत, आणि मी तुमच्या वाटचा पण खाल्ला. तुम्ही वाट बघत होतात का, मी सांगेन म्हणून? मग विचारायचं ना! तोंड होतं ना तुम्हाला! मी तेरा वर्षांचा होतो, तुम्ही पंचेचाळीसचे. आधी कुणी बोलायचं?

मास्तरांनी दार परत लावलं. शेल्फवरून एक खोकं काढलं, चिकटपट्टी तशीच, पिवळी पडलेली. म्हणाले, "हे त्याचं. ऑर्डर आली त्याच आठवड्यात. मला म्हणाला, परत पाठव. मी नाही पाठवलं." आत तुमच्या हिरव्या प्रेससारखंच दुसरं. तसंच, एका वेळी एकच काम करणारं. मी म्हटलं, असली दोन कशाला घेईल कुणी? "मीपण त्याला हेच विचारलं," मास्तर म्हणाले. "मूर्खा, वेगवान घे म्हटलं. तर म्हणाला, वेग नकोय. पोराला शेजारी बसवायचंय. रिकाम्या पुंगळ्या मापात आणायचं काम देतो, पावडर मी बघेन. नुसतं बसून त्याचे हात खाजतात."

मग ते बाजूला झाले. एकीकडे टेबलावर त्यांचं चकचकीत पाच कामांचं यंत्र, एकीकडे ते खोकं. "कुठलं नेतोस?"

खोकं आणलं. सायकलच्या कॅरियरवर, ओतीव लोखंड, दोनदा पडता पडता वाचलो. आणि खालच्या फळीवर बसवायला गेलो तर दोन बोल्ट बसले आणि तिसरं भोक दोन मिलिमीटर बाहेर. आयटीवाल्याच्या हातात ड्रिल दिलं की असं होतं. कानशीने घासून मोठं केलं. आता बसलंय. तेरा वर्षांच्या पोराच्या उंचीला बसलंय, मी सहा फूट आहे, आईचा चौरंग घेऊन त्याच्यावर बसावं लागतं आणि तासाभरात कंबर मोडते. दर हँडलला तुम्हाला एक शिवी जाते. अजून खूप शिल्लक आहेत. आणि एक सांगतो, रागाच्या भरातच सांगतो: काल मी पुंगळ्या मापात आणल्या आणि त्या तुमच्या टेबलावर, तुमच्या हिरव्या प्रेससमोर ओळीने ठेवल्या. तासभर वाट बघितली. कुणाची, ते विचारू नका. मग उठून पावडर मीच भरली.

हे पत्र कुठे पाठवणार, खोक्यातच ठेवतोय. पण एक काम आहे. आई म्हणते तुम्ही तिच्या स्वप्नात येता. परवा म्हणाली, "आले होते, म्हणाले मागचं दार लाव." आणि दार खरंच उघडं होतं. तर या ना, या. दाराचं सांगा, गॅसचं सांगा, माझ्या लग्नाचं सांगा हवं तर. पण खसखशीचं नको. तिला वाटतं तिच्या शपथेने तुम्ही वाचलात, त्या एका गोष्टीवर ती इथे नऊ वर्षं एकटी उभी आहे. तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, तसंच तिलाही सांगू नका. पाया पडतो बाबा. कुणाला सांगू नका.