दीड मुलाची जागा

५ फेब्रुवारी

माझा कोपरा गेला!

सर आले, माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘‘तू दारं-खिडक्या घे. वाचनकोपरा हिला देऊ.’’ ही म्हणजे नवी. ऑफिसात येऊन पंधरवडासुद्धा झाला नाही. मी म्हटलं, ‘‘सर, माझा काढून झालाय. बघता का?’’ ‘‘बघू, बघू,’’ म्हणाले आणि फोन कानाला लावून निघून गेले. उघडूनही बघितला नाही.

मुलांचं वाचनालय. बाकी आम्ही काय करतो? दुकानांची कपाटं, दवाखान्यांचे काउंटर. हे एकच काम असं, ज्यासाठी मी सकाळी धावत येत होते.

सामाईक फोल्डरमधून माझा कोपरा काढला, तिथे आता तिचा येणार. टाकून देववेना, म्हणून माझ्या कॉम्प्युटरवर ठेवला. नाव तेच – ‘कोपरा’. नकाशाच्या तुकड्यांची नावं कधीही बदलायची नाहीत, हा नियम मीच केलाय ना!

६ फेब्रुवारी

नवीला सगळं मीच शिकवायचं, असा हुकूम. शिकवलं. चार कॉम्प्युटर, एक सामाईक फोल्डर. मुख्य फाइल म्हणजे नुसती चौकट, भिंती तेवढ्या. दारं, कपाटं, कोपरा हे सगळे तुकडे वेगळ्या फाइलींत. उघडली की चौकट त्यांना नावाने हाक मारते – आधी त्याच कॉम्प्युटरवर शोधते, नाही सापडलं तर सामाईक फोल्डरमध्ये – आणि ते आपापल्या जागी येऊन बसतात. मात्र दोघांनी एकदम मुख्य फाइल उघडली तर शेवटी सेव्ह करणाऱ्याचं राहतं, दुसऱ्याचं पुसलं जातं. म्हणून लाल चेंडू. ज्याच्या टेबलावर चेंडू, त्यानेच मुख्य फाइल उघडायची. ही युक्तीही माझीच.

ती हसली. ‘‘ताई, किती गोड! आमच्या कॉलेजात यासाठी वेगळी यंत्रणाच होती.’’

ताई म्हणे! जेमतेम वर्षाने मोठी असेन.

तिचे वडील आर्किटेक्ट, काका आर्किटेक्ट. डबा खाताखाता सहज सांगते, जसं मी सांगते की माझ्या बाबांचा इस्त्रीचा धंदा आहे. नाही, मी सहज सांगत नाही. इथे तरी खोटं कशाला लिहू.

९ फेब्रुवारी

चेंडू दिवसभर तिच्याच टेबलावर.

११ फेब्रुवारी

रविवार. बाबा इस्त्री करत होते. टेबलावरची चादर अजूनही जमिनीपर्यंत लोंबते. दहावीपर्यंतचा माझा अभ्यास त्या टेबलाखाली झाला. घरात दुसरी जागा होती कुठे? वर इस्त्री फिरायची, खाली ऊब. कोणी कामाला हाक मारायचं नाही, कारण मी कोणाला दिसायचेच नाही. धाकटा तेवढा सरपटत यायचा आणि अर्धा आत, अर्धा बाहेर असा झोपून जायचा.

माझा कोपरा म्हणजे तेच टेबल. छत इतकं बुटकं की मोठ्या माणसाला उभंच राहता येऊ नये. पुढे पडदा. आणि रुंदी दीड मुलाची – एक वाचणारं, अर्धं लुडबुडणारं. नकाशात तसंच लिहिलंय मी.

आई म्हणाली, ‘‘तोंड का पाडलंयस?’’

‘‘काही नाही.’’

‘‘शिकलेल्या माणसाचं ‘काही नाही’ फार मोठं असतं हं,’’ बाबा म्हणाले. धाकटा खिदळला. मला हसू आलं नाही.

नवीने काय काढलं असेल? ही कधी टेबलाखाली बसलीय का? मुख्य फाइल उघडली की कळेल. नाही उघडणार. दारं-खिडक्यांची फाइल वेगळी आहे, तेवढ्यावर माझं भागतं. तिचा कोपरा मला बघायचाच नाही!

१३ फेब्रुवारी

आज नीचपणा केला. लवकर जाऊन चेंडू माझ्या ड्रॉवरमध्ये टाकला. चेंडू नाही तर मुख्य फाइल नाही! जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं ऑफिस ठप्प. सर टेबलांखाली वाकून शोधतायत, मागून शर्ट सुटलेला. ‘‘अरे, चेंडूला पाय फुटले की काय?’’ नवी त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर. दोघं हसून हसून बेजार! आणि मी ड्रॉवरला गुडघा लावून ताठ बसलेली. मजासुद्धा तिलाच आली.

सुट्टीत कपाटामागे सोडून दिला. सापडला तोही तिलाच.

सगळ्यांचं काम सगळ्यांना दिसावं, कोणी काही दडवू नये – मुलाखतीत मीच म्हटलं होतं. कशी मान ताठ करून!

१६ फेब्रुवारी

वाचनालयाच्या बाई आल्या. सगळ्यांत मोठा पडदा माझा, म्हणून काम दाखवायचं माझ्याच कॉम्प्युटरवर. मी खुर्ची दिली. नवी बसली, चेंडू मांडीवर. मला तिथे थांबवेना. ‘‘रंगांचे नमुने आणायचेत, मी जाते,’’ म्हटलं. दुकानात उगाच पिवळ्याच्या सगळ्या छटा बघत बसले.

परत आले तर सर दारातच. ‘‘कोपरा पास! अगं, बाई तिथून पुढे सरकेचनात. म्हणाल्या, लहानपणी मला हा मिळाला असता तर मी घरी गेलेच नसते. डोळे पुसत होत्या! पोरीच्या हातात जादू आहे.’’

माझ्या खुर्चीत बसून. माझ्या पडद्यावर. खुर्ची अजून गरम होती.

१७ फेब्रुवारी

पोरीच्या हातात जादू आहे. दात घासतानाही तेच कानात.

ऑफिसात गेल्या गेल्या माझा कोपरा पुसून टाकला. कॉम्प्युटरच्या कचऱ्याच्या डब्यातूनही काढला, परत आणायचा मोह नको म्हणून. एक पास झाला, मग दुसरा कशाला सांभाळायचा? आता बरं वाटेल.

नाही वाटलं.

२० फेब्रुवारी

नवी कोणाशी बोलत नाही. डबा तसाच परत नेते. सुताराला द्यायचे बारीक नकाशे सर रोज मागतात. ही ‘‘देते, सर’’ म्हणते आणि पडद्याकडे बघत बसते. कौतुकाचंही अजीर्ण होतं वाटतं! माझं कोणी एवढं कौतुक केलं असतं तर मी एका दिवसात नकाशे हातात ठेवले असते.

माझ्याकडे मात्र सारखी बघते. बघ, बघ.

२१ फेब्रुवारी

बाबांनी विचारलं, ‘‘तुझ्या त्या पोरांच्या कोपऱ्याचं काय झालं गं?’’

‘‘पास झाला,’’ म्हटलं. कोणाचा ते नाही सांगितलं.

चादर सारखी करत म्हणाले, ‘‘म्हणजे आपलं टेबल वाचनालयात गेलं म्हणायचं.’’

न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. मोठा.

२३ फेब्रुवारी

जिन्यात तिने गाठलं. ‘‘ताई, बाईंनी पास केला तो कोपरा माझा नाही. तुझा आहे.’’

त्या दिवशी चौकटीने हाक मारली, आणि माझ्याच कॉम्प्युटरवर ‘कोपरा’ सापडला. सामाईक फोल्डरपर्यंत चौकट गेलीच नाही. हे मीच तिला शिकवलं होतं! बाई रडल्या त्या बाबांच्या टेबलासमोर.

‘‘तेव्हाच बोलायला हवं होतं. सगळे वाहवा करत होते, माझं तोंडच उघडेना. आत्ता सरांना सांगून आले.’’

‘‘मी तो पुसून टाकला,’’ मी म्हटलं.

तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. ‘‘माझ्याकडे आहे. त्याच दिवशी कॉपी करून घेतला. रोज घरी उघडते आणि जळते तुझ्यावर. दीड मुलाची जागा! मला का नाही सुचलं?’’

तिचा कोपरा मी अजून पाहिलेलाच नाही. दाखव म्हटलं.

‘‘हसणार नसशील तर.’’