चारही सेल नवेच घ्या

भाऊजी, जरा जवळ ओढा ही चिठ्ठी, एक गोष्ट सांगायची आहे. तोंडाने सांगायचा धीर होत नाही.

त्या धुक्याच्या सकाळी धक्क्यावर तुमच्या हातातला मोठा टॉर्च पाच मिनिटांत विझला, नावाडीकाकांना काठ दिसला नाही, नाव खडकावर आपटली आणि ते गेले. तेव्हापासून "मीच नीट चार्ज केला नसेल" म्हणत तुम्ही मनातल्या मनात कुढताय. चूक तुमची नव्हती. दुकानदार मला म्हणाला होता, "ताई, चारही सेल नवे घ्या." मी म्हटलं, "दोन अजून धडधाकट आहेत, देव चालवून घेईल." चार्जिंगच्या दोन जुन्या सेलांबरोबर दोनच नवे घातले, ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला मी. जुने आधी दमले आणि सगळा टॉर्चच बंद पडला. आळस माझा, भार देवावर.

आज चारही एकाच कंपनीचे, एकाच वेळी घ्या. वेष्टनावरच्या क्षमतेच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. खोटा सेल हाताला हलका लागतो. एवढ्या मोठ्या झोताला ते पुरे पडतील का, हे दुकानदाराला टॉर्च दाखवूनच विचारा.

मी नावाडीकाकांच्या घरी, काकूंकडे गेले आहे, हे सगळं त्यांना सांगायला. दाराबाहेर काढलं तरी त्यांचा हक्क आहे. तुम्ही मागे येऊ नका. जेवण झाकून ठेवलंय, आज तरी पोटभर जेवा.

आणि उद्या धक्क्यावर उभे राहाल तेव्हा स्वतःला दोष देऊ नका. हात जोडा आणि काकांची आठवण काढा.

— वहिनी