शेवटचं कडवं

मास्तर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आज पहिल्यांदा तुमच्याशी बोलायला बसलोय, तेही तोंड वर करायची हिंमत नसताना. सेनगावात बसस्टँडमागं माझा छोटा स्टुडिओ आहे. एक खोली, भिंतींना गोधड्या, एक कॉम्प्युटर. यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी तुमचं गाणं मी स्वतः गायलो, रेकॉर्ड केलं, मिक्स केलं. राहिलं मास्टरिंग, म्हणजे तयार गाण्यावरचा शेवटचा हात. तुमच्या गवंडीकामाच्या भाषेत गिलावा. ढोलकीचा फुगलेला घुमारा उतरवला, कुठं हळू कुठं मोठं होत होतं ते सारखं केलं, मोबाईलवर आणि जीपमध्ये लावून पाहिलं. पेटी अशी मोकळी झाली की तुम्ही असता तर पाठीवर थाप मारली असती. मग मिरवणुकीच्या डीजेवाल्याचा फोन आला. "भाऊ, पाच मिनिटं लई होतात. चारात बसवा. शेवटचं कडवं कोण ऐकून राहिलं?"

शेवटच्या कडव्यात तुमचं नाव. गाणं रचणाऱ्यानं शेवटी आपलं नाव गुंफायचं, ही आपल्या गायन पार्टीची रीतच. वीस-एक वर्षांचा असताना शिरड शहापूरच्या कार्यक्रमात मी एकदा ते कडवं गाळलं होतं. दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी चुलीपाशी बसलोय, काकू भाकरी टाकतायत, तुमच्या नखांत सिमेंट. घास हातातच धरून तुम्ही विचारता, "काहून सोडलं रे?"

"लोक उठून राहिले होते, मास्तर."

"उठू दे ना! अर्ध्या तालुक्याची घरं बांधली म्या. येका तरी भिंतीवर माझं नाव हाय का? मालकाचं असतंय. माझं नाव त्या येका ओळीत हाय, लेकरा. तेवढी सोडू नको."

आणि रागात असतानाच तुम्ही तुमची गाण्यांची वही माझ्या मांडीवर ठेवलीत. मी मान डोलावली होती. आठवलं की लाज वाटते.

यंदा मी काय केलं? माऊसनं गाण्याचं टोक पकडलं, मागं ओढलं, आणि तिसऱ्या कडव्यानंतर आवाज हळूहळू विरवून टाकला. दोन सेकंदांचं काम. डीजेवाल्याला पुढं करणं सोपं आहे, पण त्यानं नुसतं म्हटलं; हात माझा होता. आणि आतून बरंही वाटलं, हे कुणाला सांगू? जयंती मंडळानं पोस्टरवर 'गीत, संगीत, गायन' असं माझं एकट्याचं नाव टाकलं होतं. 'गीत मास्तरांचं आहे' एवढे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. शेवटचं कडवं राहिलं असतं तर गाण्यानंच सांगून टाकलं असतं. आता सेनगाव-गोरेगाव जीपांमध्ये ते वाजतं, आणि लोक म्हणतात, काय लिहिलंय भाऊ! मी हसतो. निर्लज्जासारखा हसतो.

मागच्या आठवड्यात काकू स्टुडिओत आल्या. गाणं लावून दिलं. आवाज विरून गेला तरी त्या तशाच बसून राहिल्या, स्पीकरकडं बघत. मग म्हणाल्या, "संपलं का, लेकरा?"

"व्हय, काकू. संपलं."

"बरं. लई गोड झालं," म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या. त्यांना ते सगळं गाणं पाठ आहे, मास्तर.

त्या गेल्यावर पुन्हा फाईल उघडली. कडवं कुठं गेलेलं नाही. टोक पुढं ओढलं की जसंच्या तसं बाहेर येतं. ओढलं. माझ्याच आवाजात तुमचं नाव ऐकलं आणि ढसाढसा रडलो. पूर्ण गाणं नव्यानं मास्टर करून ठेवलंय. मंडळाला पाठवलेलं नाही, काकूंनाही नाही. पाठवलं तर आधी का कापलं ते सांगावं लागेल.

हे पत्र टाकायला तर पत्ताही नाही. आत्ता वाचून पाहिलं. डीजेवाला, मंडळ, जीप, सगळं आलंय यात. तुमचं नाव मात्र मी इथंही कुठं लिहिलेलं नाही.