त्यांना काय आवडायचं?

बाबा, लालबागच्या आपल्या खोलीत मी पहिल्या पगारातून पाण्याचा फिल्टर बसवला होता, तो दिवस हल्ली सारखा आठवतो. तुम्ही आणि आई गावाला गेला होतात. आल्यावर तुम्ही चकित व्हावं म्हणून मी माणूस बोलावून मोरीशेजारच्या भिंतीला भोकं पाडून घेतली आणि वाट बघत बसले. तुम्ही बॅग खाली ठेवलीत, वर पाहिलंत आणि इतकंच म्हणालात, "आयशीक इचारलंस?" मला असला राग आला! गिरणी बंद पडल्यावर उरलेली वर्षं लोकांच्या घरी पंखे आणि गिझर बसवत फिरलेल्या माणसाला लेकीने आणलेल्या वस्तूचं काही कौतुकच नसावं? मग आई पाणी घ्यायला गेली आणि टाचा उंचावून उभी राहिली. फिल्टर माझ्या उंचीला बसवला होता. तुम्ही हत्यारांची पिशवी काढता, आईला म्हणता, "हात वर कर. तुजो हात खंय पोचता?" ती लाजत हात वर करते आणि तुम्ही तिच्या बोटांपाशी पेन्सिलीने खूण करता. जुनी भोकं तुम्ही पांढऱ्या सिमेंटने बुजवलीत. मी मात्र रात्रीपर्यंत फुगून बसले होते.

आता मीही बसवण्याचंच काम करते, फक्त भिंतीला भोक पडत नाही. दादरला आमचं लहानसं ऑफिस आहे, आम्ही लोकांच्या वेबसाइट बनवतो. वेबसाइटला नवं रूप दिलं की त्याला वरून जोडायचे लहान लहान भाग लागतात, त्यांना प्लगिन म्हणतात. ऑर्डरचा फॉर्म म्हणा, नकाशा म्हणा. पूर्वी ते एकेक शोधून हाताने बसवावे लागत. मी एक कोड लायब्ररी लिहिली, म्हणजे कुणीही आपल्या कामात घ्यावा असा तयार कोड. काय काय लागणार त्याची यादी दिली की तो कोड आपला आपण सगळं आणतो, बसवतो, चालू करतो. वेबसाइटच्या मालकाला एकही प्रश्न विचारावा लागत नाही, हे मी सगळ्यांना मिरवत सांगायचे. कुठले कुठले अनोळखी लोक ती वापरू लागले. तुम्ही असता तर तुम्हाला नक्की दाखवली असती.

चिंचपोकळीच्या एक काकू पितृपक्षात श्राद्धाची पानं घरपोच देतात. त्यांची वेबसाइट आमचीच. परवा सकाळी मी तिला नवं रूप चढवलं, दहा मिनिटांत. काकूंना फोनही केला नाही. म्हटलं, बघतील तेव्हा खूश होतील. लायब्ररीने नवा कोरा ऑर्डर फॉर्म आणला आणि जुना काढून त्याच्या जागी बसवला. जुन्या फॉर्मात काकूंनी आग्रहाने घालून घेतलेला एक चौकोन होता, 'त्यांना काय आवडायचं?' लोक तिथे सुरण लिहायचे, कुणी कारलं, कुणी भरलं वांगं, आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचं तेवढं काकू पानात हटकून वाढायच्या. तो चौकोन गेला.

आज दुपारी त्यांचा फोन. "अगं, काल एकाने बायकोचं पान मागवलं. दोन वाजेपर्यंत बिचारा उपाशीपोटी गच्चीवर उभा, कावळा काय शिवेना. मला म्हणतो, तुम्ही विचारलंच नाहीत. तिला अळूवडी लागायची."

"काकू, चुकलं माझं. मी तुम्हाला न विचारताच बदललं."

"बरं, ते राहू दे. उद्याची अकरा पानं आहेत, त्यांना मी फोन करते एकेकाला. तू तेवढा माझा चौकोन परत आण."

कावळ्याचं मी फारसं मानत नाही. पण तो माणूस उभा होता ना. त्याच्या घरी आता वर्षभर ती अळूवडी राहून गेलेली असणार, आणि ती माझ्यामुळे. मला फार वाईट वाटलं, बाबा.

संध्याकाळपर्यंत चौकोन परत आणला. मग लायब्ररीही बदलली. आता ती आधी काय बसवलेलं आहे ते बघते, मालकाला यादी दाखवते आणि त्याने हो म्हणेपर्यंत थांबते. ऑफिसातला सहकारी म्हणाला, "कशाला वाढवतेस उगाच? लोकांना झटपट पाहिजे असतं." मी म्हटलं, थांबतील. फिल्टरची गोष्ट काही त्याला सांगितली नाही.

चौकोन नीट चालतो का ते बघायला एक खोटी ऑर्डर भरायला घेतली. कुणाचं पान? तिथे तुमचं नाव घातलं. पुढे तोच प्रश्न आला आणि मी अडकले. हे सगळं त्या चौकोनातच लिहीत बसलेय. खालचं बटण दाबणार नाही, नाहीतर सकाळी काकू भाजी चिरायची सोडून हे वाचत बसायच्या.

आई गेल्यापासून तुमचं पान मीच वाढते. दर वर्षी न चुकता नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या करते. तुम्ही जेवताना तुमच्या वाटणीच्या माझ्या ताटात सरकवायचात, "खा गो" म्हणायचात. त्या मला आवडायच्या, बाबा. तुम्हाला काय आवडायचं, ते मी कधी विचारलंच नाही.