दुधाची अट

कुरुंदा,
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय संध्या,

सप्रेम जय भीम. आम्ही दोघं बरे आहोत. हळदीला पाणी चालू आहे, आईचा गुडघा तसाच आहे आणि तू फोन उचलत नाहीस, म्हणून कित्येक वर्षांनी पत्र लिहायला बसले. पुण्यातला पोस्टमन तरी दार वाजवत असेल.

सोयाबीन निघाल्यावर ह्यांनी वावरात ज्ञानबांच्या मेंढ्या बसवल्यात, तेवढंच लेंडीखत. सहावीला सस्तन प्राणी शिकवायचे होते, म्हटलं वर्गच तिकडे नेऊ. अंगावर केस, रक्त उबदार, पिलांना आईचं दूध. पोरांनी मेंढ्यांना चाचपून बघितलं. वटवाघूळ उडत असूनही सस्तन, देवमासा पाण्यात राहूनही सस्तन, कांगारूचं पिलू पोटाच्या पिशवीत वाढतं, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, प्लॅटिपस नावाचा प्राणी तर चक्क अंडी घालतो.

शिवहार म्हणाला, "बाई, मंग त्याला सस्तन काहून म्हणायचं?"

"पिलाला दूध पाजतो म्हणून. पोटातून जन्म द्यायलाच पाहिजे अशी अट नाही."

बोलून गेले मी. साक्षी वर्गात असती तर हे उत्तर तिनंच ओरडून दिलं असतं.

तेवढ्यात पोरं हसायला लागली. एका कोकराच्या अंगावर दुसऱ्या कोकराचं कातडं बांधलेलं होतं. ज्ञानबा म्हणाले, एका मेंढीला जुळी झाली, दूध एकापुरतंच. दुसऱ्या मेंढीचं पिलू मेलं. मेलेल्याचं कातडं जुळ्यातल्या ह्याला घातलं की ती आपलंच समजून पाजते. चार दिवसांनी कातडं काढायचं, तोवर तिच्याच दुधाचा वास पिलाला लागतो.

मी विचारलं, "आणि पहिली माय मागायला आली तर?"

"न्हाई बाई. एकदा पाजलं की पिलू तिचं. मंग आमी बी हात लावत न्हाई."

पोरांना शाळेत पाठवलं आणि मी बांधावर बसून रडले. ज्ञानबांना वाटलं, बाईंना कातड्याची शिसारी आली.

संध्या, माझं बाळ आठव्या दिवशी गेलं तेव्हा माहेरी त्याच खोलीत तू जुळी घेऊन पडली होतीस. प्रज्ञेशला तू जवळ ठेवलंस. आईनं माझ्या बाळाचं टोपडं साक्षीला घातलं आणि तिला माझ्या मांडीवर दिलं. तू म्हणालीस, "ताई, आजपासून ही तुझी." मेंढीला कातडं घालून फसवावं लागतं. मला तुझा शब्द पुरला.

हे म्हणाले होते, दत्तकाचा कागद करून घेऊ. मीच म्हटलं, सख्ख्या बहिणीत कागद कशाला? शाळेत नाव घालतानाही जन्मदाखल्याप्रमाणे आई म्हणून तुझं नाव मीच माझ्या हातानं लिहिलं. इतकी मी शहाणी!

दिवाळीत "चार दिवस नेते" म्हणालीस. मी तिचे दोनच फ्रॉक दिले. मग पुण्याच्या शाळेचं पत्र आलं, शाळा सोडल्याचा दाखला पाठवा म्हणून. हेडमास्तरांनी ते गुपचूप माझ्यासमोर ठेवलं, कारण वर्गशिक्षिका मीच. परवा साक्षीचा फोन आला. तिनं मला "मावशी" म्हटलं. मागून तू कुजबुजत होतीस, ते ऐकू आलं मला. तिला चांगली शाळा हवी होती तर मला सांगायचं होतंस. मी स्वतः आणून सोडली असती. तू चोरून नेलीस, तेही माझ्याच घरात पोटभर जेवून.

दाखला लिहून ठेवलाय. वर्तन चांगले, प्रगती उत्तम. फक्त "शाळा सोडण्याचे कारण" हा रकाना कोरा आहे. तिथं "पालकांच्या विनंतीवरून" असं लिहायची पद्धत आहे. अकरा वर्षं पालक मी होते आणि मी विनंती केलेली नाही.

तिचं वर्ष मला वाया घालवायचं नाही. येत्या रविवारी तिला घेऊन ये. दारात ती मला काय हाक मारते ते तू मध्ये न बोलता ऐक. मग तिला जायचं असेल तर तिनं मला तसं सांगावं. तिच्यासमोर तो रकाना मी भरून देईन आणि स्टँडवर पोचवायलाही येईन.

दरवेळी "तुझी ताई" लिहायचे. आज ते लिहवत नाही.

साक्षीला दूध पाजलेली,
सत्यशीला