आठ नंबरची बादली

५ मार्च, गुरुवार

आला! टेम्पो आला! बरोबर साडेआठला. सोळा क्रेट भाजी वर, सोळा बादल्या ओला कचरा खाली. टेम्पोवाला म्हणाला, "साहेब, लोक मला भाजीसाठी हाक मारतात, कचऱ्यासाठी पहिल्यांदाच मारली."

गावातल्या बायकांच्या गटाची भाजी दर गुरुवारी थेट आमच्या इमारतीत. आणि आमच्या स्वयंपाकघरांतला आठवड्याचा ओला कचरा, वर भुसा टाकून, त्याच टेम्पोने गावाला. तिथे त्याचं गांडूळखत, त्या खतावर पुन्हा भाजी. कल्पना गावच्या खतवाल्या बाईंची. पण इमारतीत ठराव मी मांडला आणि मीच पास करून घेतला — नऊ विरुद्ध सात! विरोधी सातांचा म्होरक्या अर्थातच शेजारचा आठ नंबर, कंपाउंडर. जन्मभर दवाखान्यात पुड्या बांधल्या, आता निवृत्तीत फाटे फोडतो. म्हणे, "नंबर बादलीवर टाका, झाकणावर कशाला?" मी म्हटलं, झाकण म्हणजे बादलीचा चेहरा.

टेम्पो यायच्या आधी मी जिन्याखाली सगळ्या बादल्या ओळीने लावून तपासतो. बल्बच्या कारखान्यात तीस वर्षं तपासनीस होतो, उगाच नाही. माझी पद्धत: दोन हातांनी दोन झाकणं एकदम उचलायची, वळसा घालून उजेडाच्या बाजूला जायचं, टॉर्च दातांत धरून आत बघायचं, दोन्ही झाकणं परत लावायची. निम्म्या वेळात काम! चष्मा बादलीत पडू नये म्हणून काढून खिशात ठेवतो. एवढा विचार करणारा माणूस या इमारतीत दुसरा नाही.

६ मार्च, शुक्रवार

टोमॅटो अप्रतिम! सगळी इमारत तारीफ करतेय. हिने फोड तोंडात टाकली, थोडा वेळ चघळली आणि मला विचारलं, "कसा आहे?"

"म्हणजे काय? तू खातेयस ना!"

"मला हल्ली सगळं सारखंच लागतं. टोमॅटो काय नि पुठ्ठा काय. तुम्ही सांगा ना, कसा लागतो?"

चांगला आहे, म्हटलं. चांगला म्हणजे कसा? खूप चांगला. ही हसली नि उठून गेली. चवीचं वर्णन करणं हे काही तपासनीसाचं काम नाही.

१० मार्च, मंगळवार

निवृत्तीपासून बटाटे सोलायचं काम माझ्याकडे आहे. ही रोज साली हातात घेऊन बघते. "अहो, अर्धा बटाटा सालीत गेला! आपण कोणता अर्धा शिजवायचा?"

बारीक सोललं तर डोळे राहतात. दर्जा म्हणून काही असतो.

१२ मार्च, गुरुवार

भाजीच्या क्रेटमध्ये खतवाल्या बाईंची चिठ्ठी! जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, ठसठशीत अक्षरात. गेल्या आठवड्याची प्रत्येक बादली त्यांनी हाताने उपसून बघितली. तीन नंबरच्या बादलीत चमचा सापडला, तो धुऊन परत पाठवलाय. पाच नंबरला प्रेमाचा सल्ला: "नवीन लग्न दिसतंय. अख्खीच्या अख्खी भाजी फेकलीय. भांडण झालं तरी जेवून घ्यावं."

पाच नंबरमध्ये निवृत्त हेडमास्तर एकटे राहतात! चिठ्ठी वाचून लाजले बिचारे. नवीन जोडपं सहा नंबरमध्ये आहे. आणि तीन नंबरवाली म्हणते, हा चमचा माझा नव्हेच, चार नंबरकडे असला सेट आहे.

खतवाल्या बाई कष्टाळू आहेत, पण आकड्यांत कच्च्या दिसतात.

१४ मार्च, शनिवार

चिठ्ठीची इमारतीत भलतीच दहशत बसलीय. कोणीतरी आपला कचरा बघतं आणि त्यावर मत देतं! एक नंबरवाली आता कचरा करण्यासाठी चांगली फळं आणते. दहा नंबरने साली धुऊन टाकल्या. धुऊन!

२१ मार्च, शनिवार

दुपारी स्वयंपाकघरातून ओरडली. मी धावलो, वाटलं भाजलं की काय. तर ही ओट्यापाशी उभी, हातात अर्धा टोमॅटो, रस कोपरापर्यंत.

"आंबट! अहो, आधी आंबट लागतो! मग मागून गोड येतो!"

डोळ्यांत पाणी होतं तिच्या. एकामागून एक तीन खाल्ले, उभ्या उभ्या, वर मीठ घालून. मग संध्याकाळभर गुणगुणत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा.

हे माझ्या ठरावाचं यश आहे. पुढच्या बैठकीत नोंदवून घेणार.

२६ मार्च, गुरुवार

भयंकर प्रकार! चिठ्ठी जशीच्या तशी उतरवतो:

"आठ नंबरच्या बादलीत केळीच्या सालींत गुंडाळलेल्या पाच गोळ्या सापडल्या. आमच्या गावच्या नर्सबाईंना दाखवल्या. प्रेशरच्या आहेत. माझ्या गांडुळांचं प्रेशर उत्तम आहे. त्यांना औषध नको. औषध खतात गेलं की भाजीत येतं, भाजीतून तुमच्याच पोटात. एकदा चूक, दोनदा चूक. तिसऱ्यांदा सापडलं तर टेम्पो येणार नाही, भाजीचाही नाही."

कंपाउंडर!! दुसरं कोण? घरात गोळ्यांचा साठा त्याच्याकडेच. योजना बुडवायचा डाव आहे हा. टेम्पो बंद पडला तर हिचे टोमॅटो बंद. मी तसं होऊ देणार नाही.

२८ मार्च, शनिवार

बैठक बोलावली. चिठ्ठीसोबत गावाहून आलेल्या गोळ्या पुराव्यादाखल बशीत मांडल्या. कंपाउंडरने एक उचलून खिडकीच्या उजेडात धरली.

"ही प्रेशरची. मला प्रेशर नाही, साखर आहे."

"साखर असलेला माणूस केळी खातो कशी?"

"तेच तर सांगतोय, सेक्रेटरी! मी केळी खात नाही!"

उडवाउडवीची उत्तरं. मी त्याला सगळ्यांसमोर चांगलाच झापला. ही उठून आत गेली, त्याच्यासाठी पाणी घेऊन आली आणि माझ्याकडे एकदाही न बघता बसली. गुन्हेगाराला पाणी! मन फार मऊ आहे तिचं.

प्रेशरची गोळी हिलाही आहे. पण तिची मी रोज सकाळी स्वतःच्या हाताने देतो, केळ्याबरोबर, कारण रिकाम्या पोटी चालत नाही. मग मी पेपर उघडतो. आमच्याकडे असला ढिसाळ कारभार नाही.

२ एप्रिल, गुरुवार

पुन्हा! सात गोळ्या! आठ नंबर!

आणि गेल्या गुरुवारी टेम्पो लवकर आला, म्हणून चिठ्ठी वाचल्यावर, नेहमीच्या तपासणीच्या आधी, मी आठ नंबरची बादली तळापर्यंत उपसली होती. अंड्यांची टरफलं आणि पावाच्या कडा. एकही गोळी नाही, एकही केळं नाही. तरी गावात पोचेपर्यंत सात गोळ्या! ही हातचलाखी आहे. तीस वर्षं पुड्या बांधलेली बोटं ती.

४ एप्रिल, शनिवार

ही जिन्यात मध्येच बसली. पाच मिनिटं उठली नाही. "काही नाही हो, जरा गरगरलं." डोकंही दुखत होतं काल.

टोमॅटो जास्त होत असतील. दोनच खा, म्हटलं. अशी बघितली माझ्याकडे, जणू मी तिच्या ताटातला घास काढला.

७ एप्रिल, मंगळवार

कंपाउंडरवर पाळत. काही हाती नाही. गॅलरीत उभा राहून मला दुर्बीण देऊ का म्हणून विचारत होता.

९ एप्रिल, गुरुवार

टेम्पो आला. मला वाटलं नव्हतं. वर चिठ्ठी. उतरवून ठेवतो.

"आठ नंबरमध्ये परत सात. बोलल्याप्रमाणे टेम्पो थांबवायला हवा होता. पण नर्सबाई म्हणाल्या, एवढे दिवस या गोळ्या न घेणारं माणूस कधीही कोसळेल. मग खत गेलं खड्ड्यात, आधी माणूस शोधा. मला त्या घराची बादली ओळखू येते. बटाट्याची साल इतकी जाड निघते की आमच्या शेळ्या त्या सालीवरच पोट भरतात. चहाचा चोथा दोघांचा असतो. म्हणजे घरात दुसरं माणूस आहे. त्याला सांगा, साल थोडी पातळ काढ आणि आपल्या माणसाकडे थोडं बघ."

मी ही चिठ्ठी घेऊन तावातावाने कंपाउंडरकडे गेलो. दारातच मोठ्याने वाचून दाखवली. "बटाट्याची साल" आलं आणि ती ओळ मी पुन्हा एकदा वाचली.

कंपाउंडरने मला आत घेतलं. खुर्ची दिली. म्हणाला, "मी बटाटा सालीसकट खातो. आणि चहा सोडून दहा वर्षं झाली. तुम्ही झाकणं कशी उचलता, दाखवा बघू."

जिन्याखाली, गावाहून रिकाम्या परत आलेल्या बादल्यांपाशी गेलो. दोन हातांनी दोन झाकणं उचलली. डाव्या हातात सात, उजव्या हातात आठ. वळसा घालून पलीकडे गेलो. झाकणं लावली.

"आता चष्मा लावा," तो म्हणाला.

माझ्या बादलीवर आठ होता. त्याच्या बादलीवर सात. तीनचा चमचा चारचा होता. पाचचं भांडण सहाचं होतं. महिनाभर मीच, दर गुरुवारी, तपासून तपासून सगळं उलटं करत होतो.

कंपाउंडर हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

१० एप्रिल, शुक्रवार

सकाळी गोळी दिली, केळं दिलं, पेपर उघडला. आज पेपरच्या कडेवरून बघत होतो. हिने गोळी तोंडाकडे नेली, परत मुठीत आणली. केळं खाल्लं. साल घडी घालावी तशी गुंडाळली.

मी पेपर ठेवला. "का?" एवढंच निघालं तोंडातून.

तिने मुठीतली गोळी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "ती गोळी सुरू झाली नि जिभेवरची चव गेली. दोन वर्षं मी तुमच्यासाठी अंदाजाने मीठ घालतेय. आणि त्यात हे टोमॅटो आले. सगळी इमारत वाहवा करत होती, मला काहीच लागत नव्हतं. म्हटलं, चार दिवस सोडून बघू. मग सोडवेना."

"अगं, सांगायचंस!"

"सांगितलं होतं. पुठ्ठ्यासारखं लागतं म्हटलं. तुम्ही म्हणालात, खूप चांगला आहे."

"आणि कंपाउंडरला मी सगळ्यांसमोर—"

"त्या दिवशी मी बोलणारच होते. तुम्ही बोलायला फट ठेवता कुठे? आणि नंतर धीर झाला नाही. मला लाज वाटतेय त्याची."

मला राग यायला हवा होता. भीतीच वाटली, दुसरं काही नाही. कंपाउंडर प्रेशरचं मशीन घेऊन आला. आकडा बघून त्याने चप्पल घातली आणि आम्हाला दोघांना घेऊन थेट डॉक्टरांकडे. डॉक्टर मला ओरडले. बरोबरच आहे. म्हणाले, काही लोकांची चव त्या गोळीने जाते, गोळी बदलता येते, दोन वर्षं गप्प का बसलात?

नवी गोळी दिली. हिने रस्त्यातच अट घातली: "आठ दिवस. चव गेली तर मी हीपण घेणार नाही, आत्ताच सांगते." तिचा हट्ट मला चाळीस वर्षं माहीत आहे.

१२ एप्रिल, रविवार

नंबर बादल्यांवर रंगवले. ब्रश कंपाउंडरच्या हातात, डबा माझ्या हातात. सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "माफी राहू द्या, तपासणी सोडा." सोडली. ठराव एकमताने पास, सोळा विरुद्ध शून्य.

१६ एप्रिल, गुरुवार

टेम्पोबरोबर खतवाल्या बाईंना चिठ्ठी पाठवली. तीन कागद फाडले, शेवटी लिहिलं: "माणूस सापडलं. साल पातळ काढतोय. सात नंबर."

स्वयंपाक आता मीच करतो. प्रत्येक घासाला हिच्या तोंडाकडे बघतो. "असे बघू नका हो, घास अडकतो!" चव आहे का, विचारायचा धीर होत नाही. आणि ती आपणहून काही सांगत नाही.

१८ एप्रिल, शनिवार

आठवा दिवस. हिने पहिला घास घेतला आणि ताट सारलं. "चवच नाही!" तसाच तिच्या ताटातला घास उचलून तोंडात टाकला.

मीठच घातलं नव्हतं! मी मीठ विसरलो होतो, आणि हिच्या जिभेला ते पहिल्याच घासाला कळलं!